कोडिंग तिसरीत? हो, पण आधी व्हरांड्यात

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून पटावर १९ मुलं आणि शिक्षिका आम्ही दोघी. ऑफिसात एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर आम्ही यू-डायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती भरतो. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याने दोन टॅब दिले, ते कपाटात कुलूपबंद आहेत. आता एक एजन्सीवाला येऊन गेला. दर मुलामागे महिन्याला पैसे घेऊन आठवड्यातून एकदा 'कोडिंग आणि रोबोटिक्स' शिकवू, शेवटी सर्टिफिकेट देऊ, असं म्हणतो. पालक खूश आहेत. 'शहरातल्या इंग्रजी शाळांत हे सगळं असतं, मग आमच्या मुलांना का नको?' असं विचारतात. मला स्वतःला प्रोग्रामिंगमधलं ओ की ठो कळत नाही. मुलं घरी कोकणी बोलतात, इंग्रजी अक्षरं आत्ता कुठे ओळखू लागली आहेत. अशा मुलांना हे झेपेल का? झेपणार असेल तर सुरुवात कुठून करू? आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी एखादा कोर्स करून घेऊ का?

– एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर

बाई, झेपेल. मुलांनाही आणि तुम्हालाही. एजन्सीवाल्याला मात्र यंदा 'बघू' म्हणून वाटेला लावा. का, ते पुढे सांगते. आधी व्हरांड्यात चला.

तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात लाद्या असतील तर अर्धं काम झालं. नसतील तर खडूने चौकोन आखा, आठ बाय पाच पुरेत. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तीन प्रकारची कार्डं बनवा : एकावर सरळ बाण, म्हणजे एक लादी पुढे, दुसऱ्यावर डावीकडे वळणारा बाण, तिसऱ्यावर उजवीकडे वळणारा. एका मुलाला कासव करून एका कोपऱ्यात उभं करा. दुसऱ्या टोकाला काजूची बी ठेवा. वाटेत दोनचार चपला टाका, त्यांवर पाय द्यायचा नाही. बाकीच्यांनी कार्डं ओळीने जमिनीवर मांडून कासवाला बीपर्यंत न्यायचं. कासवाने स्वतःची अक्कल अजिबात चालवायची नाही, कार्ड म्हणेल तेवढंच करायचं. यालाच प्रोग्राम म्हणतात. पुढे कॉम्प्युटरवर जे येतं ते याच गोष्टीचं वाढलेलं रूप.

पहिल्याच खेळात दोन गोंधळ होतील, ते आधीच सांगून ठेवते. एक : 'उजवीकडे' म्हटलं की कासव उजव्या बाजूच्या लादीवर पाऊल टाकून मोकळं होतं. वळणं वेगळं आणि सरकणं वेगळं, हे मोठ्यांच्याही लक्षात येत नाही. उजव्या कार्डाने फक्त तोंड फिरतं, पाय त्याच लादीवर राहतात. पुढे जायचं तर सरळ बाणाचं कार्ड वेगळं लावावं लागतं. हे दोन तुकडे मुलाला सुटे दिसू लागले की समजा गाडी रुळावर आली. दुसरा गोंधळ : कासव आपल्याकडे तोंड करून येऊ लागलं की समोरच्या मुलांचं डावं-उजवं उलटं होतं आणि आरडाओरडा सुरू होतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे कासवाच्या उजव्या मनगटाला लाल रिबन बांधायची. मग पहिलीतलं पोरसुद्धा उजवीकडचं कार्ड चुकत नाही.

आता या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग. सात-आठ कार्डांची ओळ लावली आणि कासव बीऐवजी चपलेवर जाऊन उभं राहिलं, की मुलं काय करतात? सगळी कार्डं गोळा करून पुन्हा पहिल्यापासून मांडायला घेतात. तिथे थांबवा. उत्तर सांगू नका, कार्डाला हातही लावू नका. एवढंच विचारा, 'कुठल्या कार्डापर्यंत बरोबर होतं?' कासवाला परत कोपऱ्यात पाठवा, एकेक कार्ड मोठ्याने वाचायला लावा, आणि जिथे वाट बिघडली तिथे सगळ्यांनी हात वर करायचा. समजा चौथं कार्ड चुकलं. तर तेवढंच बदलायचं आणि पुन्हा चालवून बघायचं. कधीकधी एक कार्ड सुधारलं की पुढचं बिघडतं, तेही मुलांनाच सापडू दे. बाई, प्राथमिक शाळेतलं प्रोग्रामिंग म्हणून मला जे काही वाटतं ते या एका प्रश्नात आहे. आपली चूक कुठे सुरू झाली ते न रडता, न खोडता शोधायची सवय. ती लागली नाही तर महागातला रोबोट आणूनही मुलाच्या हाती काही लागत नाही.

तुम्हाला किंवा पालकांना वाटेल, शाळेत कॉम्प्युटर नाहीत म्हणून ही तात्पुरती सोय सांगतेय. तसं नाही. मुलांसाठी म्हणून बनवलेली पहिली नावाजलेली प्रोग्रामिंगची भाषा म्हणजे 'लोगो'. १९६७ साली अमेरिकेत वॉली फ्युअरझिग, सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ती तयार केली. पॅपर्ट त्याआधी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेंबरोबर काम करून आले होते, त्यामुळे मूल विचार कसं करतं याकडे त्यांचं आधी लक्ष. लोगोत पडद्यावर एक कासव असतं; इतकं पुढे जा, इतकं वळ, असं सांगितलं की ते रेघ काढत जातं. पडद्याच्या आधी तर खरंच जमिनीवर फिरणारं, पोटाखाली पेन असलेलं यांत्रिक कासव होतं. आणि मूल अडलं की पॅपर्ट यांचा सल्ला काय? उठ, तूच कासव हो आणि चालून बघ. तेव्हा व्हरांडा हाच मूळ धडा. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून पाच वर्षांच्या मुलांपासून 'कॉम्प्युटिंग' हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा आहे. तिथेही अगदी लहान वर्गांत मागणी एवढीच, की पायऱ्यापायऱ्यांनी सूचना देता याव्यात, साधा प्रोग्राम करता यावा आणि त्यातली चूक काढता यावी.

चार वर्ग एकत्र बसतात म्हणून एरवी आपण कपाळाला हात लावतो. इथे ते पथ्यावर पडतं. चौथीची मुलं कार्डं मांडतील, तिसरीची वाचून दाखवतील, पहिली-दुसरीची कासवं होतील. पुढच्या तासाला अदलाबदल. आठवड्यात एक तासिका पुरे, आणि ती गणितातूनच काढा. दिशा, आकार आणि मोजणी यात आपोआप होतात. वेगळा विषय म्हणून वेळापत्रकात घुसवलात तर पहिल्या तपासणीपर्यंतसुद्धा टिकणार नाही.

दोनतीन आठवड्यांनी कार्डांची ओळ लांबत जाईल आणि कोणीतरी कुरकुरेल, 'सरळ, सरळ, सरळ, किती वेळा लावायचं?' ती कुरकूर झाली की 'पुन्हा पुन्हा'चं कार्ड काढा, आधी नाही. आपल्याकडे यासाठी आयती गोष्ट आहे. गणेश चवथीला घरोघर घुमट आरती होते, तुमच्या वर्गात घुमटावर, म्हणजे त्या मातीच्या वाद्यावर, हात बसलेली दोनतीन पोरं नक्की असणार. एकाला बाकावर साधा ठेका वाजवायला सांगा. बाकीच्यांनी तो खुणांनी फळ्यावर लिहायचा : जोराच्या थापेला मोठा ठिपका, हलक्या थापेला लहान, थांबायचं तिथे रिकामी जागा. आख्खी ओळ लिहून झाली की त्यांच्याच लक्षात येतं, तोच तुकडा फिरून फिरून येतोय. मग तो तुकडा एकदाच लिहायचा, भोवती चौकट काढायची आणि वर '४ वेळा' लिहायचं. ती चौकट वाचून दुसऱ्या मुलाने वाजवून दाखवायची. वाजवताना तीनदाच झालं तर? पाचदा झालं तर? चौकटीच्या आतली एक थाप चुकली तर? ती प्रत्येक फेरीत चुकणार, चारही वेळा, हे ऐकून मुलं हसतात आणि तिथेच त्यांना कळतं. अशी चौकट प्रोग्रामिंगच्या जवळजवळ प्रत्येक भाषेत असते.

पावसात वीज गेली, नेट गेलं, तरी यातलं काही अडत नाही. न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी १९९०च्या दशकापासून कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटरशास्त्र शिकवण्याचे असेच खेळ तयार करत आले आहेत. त्यातला एक दुसरीपासून पुढे बेधडक घ्या. पाच पुठ्ठे घ्या, त्यांवर काजूच्या बिया चिकटवा : १, २, ४, ८ आणि १६. पाच मुलं पुठ्ठे घेऊन ओळीत उभी, सोळावालं मूल बघणाऱ्यांच्या डाव्या हाताला. पुठ्ठा एकतर दाखवायचा नाहीतर उलटा धरायचा, अर्धामुर्धा नाही. आता अकरा करून दाखवा. आठ, दोन आणि एक. शाळेचा पट, १९? सोळा, दोन आणि एक. सगळे पुठ्ठे उघडले की ३१ होतात. प्रत्येक पुठ्ठ्यावर आधीच्याच्या दुप्पट बिया आहेत हे तुम्ही सांगू नका, कोणीतरी ओरडून सांगेलच. कॉम्प्युटर आकडे असेच उघड-झाक करून ठेवतो एवढं एक वाक्य शेवटी बोललात तरी बास. आपल्याकडे एसीएम इंडिया या कॉम्प्युटरशास्त्रातल्या लोकांच्या संस्थेचा 'सीएसपाठशाला' नावाचा उपक्रम २०१६ पासून चालू आहे. बिनकॉम्प्युटरचे पुष्कळ पाठ त्यांनी शिक्षकांसाठी तयार केले आहेत, ते जरूर बघा.

आता कपाटातले टॅब. व्हरांड्यात मुलं आपली चूक आपण शोधू लागली की बाहेर काढा. माझ्या अंदाजाने गणेश चवथीच्या सुट्टीनंतर. 'स्क्रॅच ज्युनिअर' नावाचं फुकट ॲप आहे, पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली आलेलं. एकदा घातलं की नेट लागत नाही, तेव्हा शाळेत रेंज नसेल तर घरून घालून न्या. इंग्रजीची तुमची काळजी इथे बरीचशी मिटते, कारण त्यात सूचना देण्याचे ठोकळे चित्रांचे आहेत : पुढे जाणारा बाण, वळणारा बाण, उडी, थांबा, पुन्हा पुन्हा. तुमच्या कार्डांचेच भाऊबंद. वळणाच्या ठोकळ्यात पूर्ण गिरकीचे बारा भाग केलेत, घड्याळाच्या आकड्यांसारखे, म्हणजे ३ लिहिलं की पाव वळण. पात्र मुलांनी स्वतः रंगवायचं आणि आवाजही स्वतःचा भरायचा. तिथे कोकणीत बोलू दे. म्हशीचं चित्र काढून 'मुखार वच!' (पुढे जा!) असं ओरडलेलं रेकॉर्ड करणारं पोर शुद्ध मराठीत काय म्हणालं असतं याची चिंता त्या तासाला सोडून द्या.

एका टॅबवर तिघं. एकाचं बोट, दुसऱ्याचं तोंड, तिसऱ्याची नजर. बोटवाल्याने तोंडवाला सांगेल तेच करायचं, नजरवाल्याने आधी कागदावर काय ठरलं होतं ते ताडून बघायचं, आणि दर पाच मिनिटांनी जागा बदलायच्या. हा नियम काटेकोर पाळा. नाहीतर काय होतं हे मी बऱ्याच वर्गांत बघितलंय : घरी मोबाइल हाताळणारा एखादा मुलगा टॅब बळकावतो आणि मुली मागून माना उंचावून बघत राहतात. वर्षअखेरीस मग आपणच म्हणतो, मुलींना यात रस नसतो. आणखी एक पथ्य तुमच्यासाठी. टॅब मुलांच्या हातात असताना तुमचे हात पाठीमागे. पोहायला शिकवणारा स्वतःच हातपाय मारू लागला तर मूल काठावरच राहायचं.

ऑफिसातला कॉम्प्युटर फार जुना नसेल, तर त्यावर चौथीसाठी 'स्क्रॅच' घाला, अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ साली आणलेलं. आठ वर्षांपासून पुढच्या मुलांसाठी आहे, नेटशिवाय चालणारी आवृत्ती मिळते, तीच घ्या. म्हणजे मुलांची ऑनलाइन खाती उघडण्याचा प्रश्नच येत नाही. यू-डायसच्या फायली तेवढ्या आधी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा. यातला एक प्रसंग तुमच्या वर्गात घडणार हे मी आजच लिहून देते. मुलांना चौकोन जमेल : १०० पावलं चाल, ९० अंश वळ, असं चार वेळा. मग ती त्रिकोणाला हात घालतील. कोणाचा तरी मोठा भाऊ सांगेल की समान बाजूंच्या त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. ते तीनदा '१०० चाल, ६० वळ' लावतील आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजी अर्धवट षटकोन उमटेल, तोंड उघडं. मुलं म्हणतील, कॉम्प्युटर बिघडला. तुम्ही म्हणा, चला व्हरांड्यात. सुतळीचा मोठा त्रिकोण मांडा आणि एकाला कडेकडेने चालवा. कोपऱ्यावर पोचल्यावर त्याचं तोंड सरळ पुढे असतं. तिथून पुढच्या बाजूकडे वळायचं तर पाव वळणाहून जास्त फिरावं लागतं. पूर्ण गिरकी ३६० ची, कोपरे तीन. भागाकार त्यांनाच करू द्या. १२० घातल्यावर स्क्रॅचमधलं मांजर त्रिकोण पुरा करतं तेव्हा वर्गात जो गलका होतो, तो शेजारच्या वर्गाला ऐकू जातो. तुमच्या त्या दुसऱ्या बाईंना आधी कल्पना देऊन ठेवा.

आता एजन्सी. सगळेच फसवतात असं मी म्हणणार नाही. पण त्या माणसाला तीन गोष्टी विचारा. तासाभरात प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने किती वेळ काम करणार? आणलेलं सामान शाळेत राहणार की संध्याकाळी गाडीत परत जाणार? आणि तुम्ही गेल्यावर पुढच्या वर्षी हे कोण चालवणार? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक जण सर्टिफिकेटचा नमुना पुढे करतात. लहान मुलांना कोडिंग नाही आलं तर आयुष्याचं नुकसान, अशा भडक जाहिराती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आपण सगळ्यांनी बघितल्या. हा त्याच मालाचा उरलेला गठ्ठा नाही ना, ते तपासून घ्या. शिवाय सरकारी शाळेत पालकांकडून असे महिन्याचे पैसे गोळा करायचे तर भाग शिक्षणाधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय एक रुपयाही घेऊ नका. उद्या तक्रार झाली तर एजन्सीवाला फोन उचलणार नाही, उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

पालकांना 'मागे पडण्याची' भीती आहे, ती खोटी म्हणून झटकू नका. गाडी विकून, बागायतीत राबून मुलाला शिकवणाऱ्या माणसाला ती वाटणारच. त्यांना सरळ माहिती द्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग आहे, पण ते सहावी ते आठवीच्या टप्प्यात. गोवा सरकारची कोडिंग आणि रोबोटिक्सची 'केअर्स' योजनाही त्याच वर्गांसाठी आहे. म्हणजे तुमची मुलं चौथीतून बाहेर पडून दोन वर्षांत तिथे पोचणारच. तिसरीत पायथॉनसारखी प्रोग्रामिंगची भाषा नाही शिकली म्हणून कोणाची बस चुकत नाही. आणि हे तोंडी सांगण्यापेक्षा पालक-शिक्षक संघाच्या सभेत कार्डं पालकांच्याच हातात द्या, एखाद्या बापाला कासव करा आणि त्याच्या मुलीला चुका शोधायला बसवा. भाषण करायची वेळच येणार नाही.

परीक्षा, गुण, प्रमाणपत्र यातलं काही नको. एका वहीत प्रत्येक मुलासमोर महिन्याला एक ओळ लिहा : चूक झाल्यावर याने काय केलं? सगळं मोडून टाकलं, बाईंकडे बघितलं, की मागे जाऊन शोधलं?

राहिला तुमचा कोर्स. पैसे भरून करू नका. मे महिन्यात एक टॅब घरी न्या, स्क्रॅच ज्युनिअर उघडा आणि घरातल्या भाचरांना घेऊन बसा. तुमच्यापेक्षा ती पुढे गेली तर जाऊ द्या. मग जवळच्या हायस्कूलच्या कॉम्प्युटर टीचरना गाठा. आपल्या हायस्कुलांत ती माणसं असतात आणि त्यांना प्राथमिक शाळेतून कोणी कधी बोलावत नाही. जूनमध्ये एक सकाळ या, एवढंच म्हणा. कॉम्प्युटरवर स्क्रॅच घालून देणं, टॅबना पासवर्ड लावणं, न चालणारा माउस बघणं ही कामं त्यांच्याकडून करून घ्या. वर्ग मात्र तुम्हीच घ्या. आणि ते टॅब आजच चार्जिंगला लावा. वर्षभर कपाटात राहिल्यावर बॅटरी धरते की नाही, ते आधी कळलेलं बरं.